बोर्ड रंगवला एकाने, चिठ्ठीवर नाव दुसऱ्याचं: उत्तर-आधुनिक कला आली कुठून?

जंगलाचा पडदा | १२ जानेवारी, रात्री १०:१५

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन पणजीला एक प्रदर्शन बघायला गेले होते. डिसेंबरात पणजीत कुठेही पाय ठेवा, जुन्या वाड्यात, गोदामात, नदीकाठी काही ना काही मांडलेलं असतंच. बाबा ७६ वर्षांचे. म्हापशात चाळीस वर्षं बोर्ड रंगवले. दुकानांच्या पाट्या, बसच्या पाठीवरची देवांची नावं, जत्रेतल्या नाटकांचे पडदे. रस्ता, महाल, जंगल; या तीन पडद्यांत मराठी रंगभूमी मावते असं ते म्हणायचे. (माझं इथलं नाव त्यातूनच आलं.) मग फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेले.

तर एका खोलीत, अख्ख्या पांढऱ्या भिंतीवर एकच गंजका पत्रा टांगलेला. निळ्या ग्राउंडवर पिवळी अक्षरं, लाल शेड. ‘थंड सोडा व लिमलेट मिळेल’. बाबा पुढे गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि ‘मिळेल’मधल्या ळ वर नाक टेकेल इतके वाकले. ळ चे दोन गोळे सारखे नव्हते. उजवा जरा खाली ओघळलेला, आणि त्यातून निघणाऱ्या शेपटीला एक उगाचच झटका.

“हो बोर्ड म्हजो न्हय,” बाबा म्हणाले, “पूण हात वळखीचो.”

मग शेजारची चिठ्ठी मला वाचायला लावली. कलाकाराचं नाव, साल, आणि ‘सापडलेली वस्तू: पत्रा, एनॅमल, गंज’. गंजसुद्धा माध्यमात धरला होता! बाबांनी विचारलं, “बोर्ड जाणें रंगयलो ताचें नांव खंय?”

तिथे एक गोड मुलगी माहिती द्यायला उभी होती. तिने शांतपणे सांगितलं, काका, ही उत्तर-आधुनिक कला आहे. कलाकाराने बोर्ड केला नाही, निवडला. ‘कर्ता’ ही कल्पनाच आता कुणी मानत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. जिना उतरताना मला म्हणाले, “कर्तोच ना जाल्यार चिठयेर नांव कित्याक?” (कर्ताच नसेल तर चिठ्ठीवर नाव कशाला?)

मी हायस्कुलात चित्रकला शिकवते. उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. नव्हतं. घरी येऊन पुस्तकं काढली, आणि मला जे उमगलं ते खाली लिहिते. चुकत असेन तर खुशाल फोडा.

उत्तर-आधुनिक हे आधुनिकाशी झालेलं भांडण आहे, म्हणून आधी आधुनिक. त्या चित्रकारांची एका गोष्टीवर श्रद्धा होती की कला पुढे सरकते. एकाने छायाप्रकाश सोडला, दुसऱ्याने यथादर्शन (जवळचं मोठं, दूरचं लहान हा नियम) मोडलं, तिसऱ्याने आकृतीच टाकून दिली. न्यूयॉर्कचा समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग तर सांगायचा की चित्राचं सत्त्व त्याच्या सपाटपणात. गोष्ट सांगणं, खोलीचा आभास, हे सगळं उसनं आणलेलं. कांदा सोलत जायचं आणि शेवटी गाभा हाती लागणार याची खात्री. ही खात्री एकट्या चित्रकारांची नव्हती. विज्ञानाने, विवेकाने, क्रांतीने माणूस पुढे चाललाय ही त्या काळाचीच खात्री होती. आणि मग तेच विज्ञान, तीच शिस्त, तीच रेल्वेची वेळापत्रकं वापरून छळछावण्या चालल्या. हिरोशिमा झालं.

१९७९ साली ज्याँ-फ्रान्स्वा लिओतार या फ्रेंच तत्त्वज्ञाने क्युबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी एक अहवाल लिहिला. विषय रुक्ष: संगणकाच्या काळात ज्ञानाचं काय होणार. त्याच्या प्रस्तावनेत तो म्हणून गेला की महाकथनांवरचा अविश्वास म्हणजे उत्तर-आधुनिकता. महाकथन म्हणजे सगळ्याचा अर्थ लावून देणारी एकच मोठी गोष्ट. सरकारी अहवालातून इतकं टिकाऊ काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

गोव्यात वाढलेल्याला हे कळायला फार कष्ट पडू नयेत. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आमच्या आजोबांनी फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला, मत दिलं आणि त्यांच्या सख्ख्या भावाने दोन पानांना, म्हणजे वेगळं राहायला. दोघांचीही गोष्ट पक्की होती. गोवा कुणाचा, भाषा कुठली, इतिहास कुठून मोजायचा, उत्तरं तयार. दोघं एकाच पडवीत चहा प्यायचे आणि दुसऱ्याची गोष्ट सुरू झाली की रेडिओ मोठा करायचे. मी त्याच पडवीत वाढले. एकच गोष्ट अख्खी खरी मानायची सवय लागलीच नाही.

पण बाबांचा प्रश्न याने सुटत नाही. म्हणून हा धागा.

रस ऑम्लेट | १२ जानेवारी, रात्री १०:५२

पहिला!

ताई, ते भिंतीला चिकटपट्टीने चिकटवलेलं केळं विसरलात का? मौरित्सिओ कात्तेलान, २०१९, मायामी. तेव्हा १ लाख २० हजार डॉलर. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलर, आणि घेणाऱ्याने ते खाऊन टाकलं. ते सुद्धा साधं केळं. आपल्या मयडे गावचं नावाजलेलं केळं असतं तर कितीला गेलं असतं याचा हिशेब करतोय.

सदाशिव_पेठ | १२ जानेवारी, रात्री ११:३०

स्पष्ट लिहितो, राग नसावा. तुमच्या वडिलांना जे दिसलं ते बरोबर दिसलं. ही फसवणूक आहे, आणि तिला तत्त्वज्ञानाचा वर्ख लावलेला आहे. कला म्हणजे हात. तुमच्याच गोव्याचे आन्तोनियो त्रिंदाद मुंबईत बसून व्यक्तिचित्रं करायचे, त्यातली साडीची जर बघा. ती करायला आयुष्य जातं. पत्रा टांगायला एक खिळा लागतो. महाकथन वगैरे सगळं डोक्यावरून गेलं, आणि मला संशय आहे की ते तिथूनच जावं अशी त्याची रचना आहे.

चुडत | १३ जानेवारी, सकाळी ७:१०

वाचतेय. पेठकर, खिळ्याचा मुद्दा आवडला.

तांबडी माती | १३ जानेवारी, दुपारी १:२५

जंगलाचा पडदा, तुमच्या बाबांनी विचारलेला प्रश्न न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली येऊन गेलाय, आणि तिथेही तो बोर्ड रंगवणाऱ्या माणसाबद्दलच होता. जरा सविस्तर लिहितो.

ब्रिलो नावाचे भांडी घासायचे साबणवाले तारेचे काथे. आपल्याकडे घासणी म्हणतो तसे. ते दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जायचे. अँडी वॉरहॉल या चित्रकाराने प्लायवूडची तशीच खोकी करून घेतली, त्यावर रेशमी जाळीतून तोच लाल-निळा छाप उठवला आणि स्टेबल गॅलरीत गोदामासारखी एकावर एक रचली. आर्थर डांटो नावाचा तत्त्वज्ञ ते बघून घरी गेला आणि त्याची झोप उडाली. गॅलरीतलं खोकं कला आणि वाण्याकडचं खोकं माल, हे कशावरून? डोळ्याला तर फरक दिसत नाही. मग फरक डोळ्यात नसून भोवतालच्या समजुतीत असला पाहिजे: इतिहास, चर्चा, गॅलरी, ती मुलगी जी माहिती देते, ती चिठ्ठी. त्याच वर्षी त्याने यावर निबंध लिहिला. हे एकदा मान्य केलं की ‘कला म्हणजे हात’ हे सूत्र निदान अपुरं पडतं, पेठकर. चूक म्हणत नाही, अपुरं.

आता मजा पुढे. मूळ पुठ्ठ्याचं खोकं कुणीतरी आखलंच होतं ना? त्याचं नाव जेम्स हार्वी. आणि हार्वी स्वतः अमूर्त चित्रकार होता, ताईंनी वर लिहिलेल्या त्या कांदा सोलणाऱ्या पंथातला. पोटासाठी पॅकेजिंग करायचा. ज्या चित्रांत त्याने जीव ओतला ती जग विसरलं, आणि पगारासाठी केलेलं खोकं अजरामर झालं, दुसऱ्याच्या नावावर. १९६५ साली तो वारला. वॉरहॉलच्या चिठ्ठीवर हार्वी कुठेच नाही.

‘कर्ता कुणी मानत नाही’ हे त्या मुलीने सांगितलं त्याचं मूळ फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थच्या १९६७ च्या छोट्या निबंधात आहे, ज्यात त्याने लेखकाचा मृत्यू जाहीर केला. तो निबंध पहिल्यांदा आला एका अमेरिकी नियतकालिकात, आणि त्या अंकाला बांधणीच नव्हती. एक पांढरा डबा. आत सुट्या पुस्तिका, फिल्मची रिळं, तबकड्या. कुठून सुरू करायचं ते वाचकाने ठरवायचं. बार्थचं म्हणणंही तेच: अर्थ लिहिणाऱ्याच्या पोटात नसतो, वाचणाऱ्याच्या हातात जुळतो. पुढच्याच वर्षी मे महिन्यात पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. प्राध्यापक, पक्ष, बाप, सगळ्या अधिकारांना ‘तू कोण?’ विचारणारी हवाच होती ती.

मग चिठ्ठीवर नाव कशाला? हा बाबांचा प्रश्न मिशेल फुको या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९६९ च्या एका व्याख्यानात जवळपास याच शब्दांत घेतला. त्याचं उत्तर असं की कर्ता मेला म्हणून नाव मरत नाही, कारण नाव हे काम करत असतं. वर्गवारी लावतं, मालकी ठरवतं. जुन्या काळी तर लिहिणाऱ्याला पकडून शिक्षा करता यावी म्हणून पुस्तकाला नाव चिकटलं. आता भाव लावता यावा म्हणून चिकटतं असं मी जोडतो.

जंगलाचा पडदा | १३ जानेवारी, रात्री ९:००

तांबडी माती, हार्वीची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांचं पहिलं विचारणं: “ताका खोक्याचे पयशे मेळ्ळे?” म्हटलं, पगार मिळाला. “मागीर जालें,” म्हणाले आणि पेज जेवायला बसले. माझी मात्र झोप उडाली.

चुडत | १३ जानेवारी, रात्री ९:४०

मला एक कळत नाही. हे सगळं आपल्याकडे आधीपासून नव्हतं का? नरकासुर घ्या. चतुर्थी आटोपली की वाड्यावरची पोरं गवत, काठ्या, रद्दी गोळा करायला लागतात. वीस वीस फुटी राक्षस उभा करतात, रात्रभर गावाला दाखवतात आणि पहाटे जाळून आंघोळीला पळतात. कुणाची सही नाही, विकायला काही उरत नाही. माटोळी घ्या. कांगलां, नारळ, सुपारीचे घोस, रानातलं काय काय गणपतीच्या डोक्यावर बांधतात, ही मांडणीच झाली की. फ्रेंच लोकांनी नवीन काय सांगितलं?

मांडवीकाठ | १४ जानेवारी, सकाळी ८:०५

चुडत, हा मोह सगळ्यांना होतो, मलाही व्हायचा. पण जरा थांबा. नरकासुर जाळणाऱ्या पोराला कर्त्याचा मृत्यू घडवून आणायचा नसतो, कारण तिथे कर्ता जन्मलेलाच नाही. माटोळी बांधणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं की ही कला कशावरून. उत्तर-आधुनिक कलाकार आधी सही करायला शिकलेला असतो, संग्रहालयात जाऊन आलेला असतो आणि मग सही खोडतो. एकाने उपास धरलाय आणि दुसऱ्याच्या घरात तांदूळ नाहीत. दोघांच्याही चुली थंड, पण गोष्ट एक नव्हे.

शिवाय आजचा नरकासुर बघा. स्पर्धा, रोख बक्षीस, पायाशी पुरस्कर्त्याचा फ्लेक्स, कानठळ्या बसवणारा आवाज. सही आलीच की, फक्त करणाऱ्याची नव्हे.

आणि १९८९ साली पॅरिसमध्ये जगभरच्या कलाकारांचं एक मोठं प्रदर्शन भरलं होतं, अर्धे पाश्चात्त्य, अर्धे बाहेरचे. आपल्या डहाणूकडचे जिव्या सोमा मशे त्यात होते. वारलीच्या लग्नचौकाला एरवी सही नसते, सुवासिनी काढतात. मशे यांनी कागदावर, कापडावर काढलं आणि नाव कमावलं. एकाच छपराखाली एक जण कर्तेपण टाकायला बघतोय आणि दुसऱ्याला ते पहिल्यांदा मिळतंय. मला हे चित्र त्या काळाचं सगळ्यात खरं वाटतं.

सदाशिव_पेठ | १४ जानेवारी, सकाळी १०:२०

उपासाची उपमा मान्य. बाकी मान्य नाही. डांटोला झोप लागली नाही म्हणून आम्ही का जागायचं?

तिसरा मजला | १४ जानेवारी, सायंकाळी ६:४५

वास्तुकार आहे, पर्वरीत राहतो. चित्रांतलं फार कळत नाही, पण आमच्या धंद्यात हा बदल तारीखवार सांगतात. अमेरिकेत सेंट लुइसला प्रुइट-आयगो नावाची गरिबांसाठीची वसाहत होती. ११ मजली ३३ इमारती, सगळ्या एकसारख्या, आधुनिक वास्तुकलेच्या पुस्तकातून उतरवलेल्या: हवा, उजेड, सरळ रेषा, माणूस सुधारणारच. वीस वर्षंही टिकली नाही. नगरपालिकेला पैसा नाही, लिफ्ट बंद, वंशभेदाने शहर फाटलेलं, भाडेकरू निघून गेलेले. १९७२ मध्ये सुरुंग लावून पाडायला घेतली. चार्ल्स जेंक्स या वास्तुसमीक्षकाने पुढे लिहून टाकलं की आधुनिक वास्तुकला १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३:३२ च्या सुमारास मेली. खरं तर पाडापाडी मार्चपासूनच चालू होती. पण मृत्यूच्या दाखल्यावर वेळ लागते ना!

माझं मत: इमारती डिझाइनने पडल्या नाहीत, पैसे आणि द्वेष यांनी पडल्या. तरी ती गोष्ट चिकटली, कारण लोकांना ती ऐकायचीच होती.

आपल्या पणजीत कला अकादमी. तिचे वास्तुकार चार्ल्स कोरियांना पोस्टमॉडर्न म्हणणं मला पटत नाही. मांडवीकडे उघडणारी ती इमारत स्वभावाने आधुनिकच. पण आतल्या प्रेक्षागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी खोट्या बाल्कन्या आणि त्यांत बसलेले खोटे प्रेक्षक रंगवले. नाटक बघायला आलेल्याला नाटक बघणारी माणसं भिंतीवरून बघतायत. सपाटपणा वगैरे सांगणाऱ्या ग्रीनबर्गला तिथे हसू आलं असतं किंवा रडू.

ओली बोरकण | १४ जानेवारी, रात्री ११:१५

सगळे बाप्ये बाप्यांबद्दल लिहितायत म्हणून आले.

‘थोर स्त्री-कलाकार का झाल्या नाहीत?’ असा प्रश्न कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिनने १९७१ साली विचारला आणि उत्तरात बायकांची यादी देण्याऐवजी प्रश्नच उलटा केला: थोर कुणाला म्हणायचं हे ठरवणारी शाळा कुणाची होती? बायकांना उघड्या मॉडेलवरून रेखाटन करायलाच शतकानुशतकं बंदी. मग न्यूयॉर्कमध्ये १९८५ साली गोरिलाचे मुखवटे घालून काही जणी रस्त्यावर आल्या, गुरिला गर्ल्स. त्यांचं १९८९ चं पोस्टर आकड्यांचं आहे: मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आधुनिक विभागात कलाकार बायका ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांतल्या बायका ८५ टक्के. त्यावर वेगळं तत्त्वज्ञान सांगायला लागत नाही. ‘कला शुद्ध असते’ या गोष्टीवरचा विश्वास असा गेला, कुणीतरी मोजायला बसल्यावर.

जंगलाचा पडदा, तुमच्या आईचा कुठे उल्लेख नाही, सहज विचारते.

जंगलाचा पडदा | १५ जानेवारी, पहाटे ६:२०

ओली बोरकण, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. रात्रभर ते डोक्यात होतं.

आमच्या घरी अंगणात पत्रा आडवा टाकायचे. खडू लावलेली दोरी दोन टोकांनी ताणून बाबा मध्ये टिचकी मारायचे, की पांढरी सरळ रेघ उमटायची. दोन रेघांमध्ये अक्षरं बसवायची. आऊटलाइन बाबांची. डाव्या हातात काठी तिरपी धरून तिच्यावर उजवा हात टेकायचे, म्हणजे हात हलत नाही आणि ओल्या रंगाला लागत नाही. मग ते दुसऱ्या पत्र्याकडे वळायचे आणि आत रंग भरायला आई बसायची. जेवण झाल्यावर, दुपारी दोन ते चार. शेडही बहुतेक तीच द्यायची, कारण बाबांना म्हणे लाल रंग जाड लावायची खोड होती. टर्पेंटाइनचा वास तिच्या पदराला कायम असायचा. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बाबांचं नाव आणि ‘म्हापसा’.

आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. आज पहिल्यांदा मनात आलं की म्हापशातल्या कितीतरी पाट्यांतला दिसणारा रंग सगळा तिचा होता.

रस ऑम्लेट | १५ जानेवारी, सकाळी ९:३०

केळ्याचा विनोद मागे घेतो.

मांडवीकाठ | १५ जानेवारी, दुपारी ३:५०

हे वाचल्यावर तत्त्वज्ञान लिहायला जड जातंय, पण एक गोष्ट सांगायची राहिलीय. इथवरच्या चर्चेत पॅरिस-न्यूयॉर्क फार झालं. तिकडून पार्सल आलं आणि आपण उघडलं असं वाटेल. तसं घडलं नाही.

‘कोण बोलतंय, कुणाच्या वतीने बोलतंय?’ हा प्रश्न मराठीत आणायला देरिदासारख्या फ्रेंच तत्त्वज्ञाची गरज पडली नाही. लघुनियतकालिकवाल्यांनी तो विचारला आणि १९७२ मध्ये दलित पँथरने तो रस्त्यावर आणला. चित्रांत बघायचं तर भूपेन खक्कर. मुंबईचा चार्टर्ड अकाउंटंट, बडोद्याला जाऊन चित्रकार झाला. साठच्या दशकात देवदेवतांची छापील कॅलेंडरं कापून चिकटवायचा. सत्तरच्या दशकात घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी असे लोक रंगवले, त्यांच्या दुकानांच्या पाट्यांसकट. शिकलेले चित्रकार ज्या चवीला नाकं मुरडायचे, तीच त्याने चित्रात घेतली. पुढे १९८१ मध्ये स्वतःचं समलिंगी असणं एका चित्रात बाल्कनीत उघडं उभं केलं. ताईंच्या बाबांचे बोर्ड बघून तो माणूस हरखला असता, आणि ते कुणी रंगवले हेही विचारलं असतं असं मला वाटतं.

आणि मांडणशिल्पं, व्हिडिओ हे सगळं आपल्याकडे जोरात आलं ते नव्वदच्या दशकात. १९९१ ला बाजार उघडला, घरोघर केबल आली. डिसेंबर १९९२ ला बाबरी पडली, मुंबई पेटली. रुम्माना हुसेन तोवर कॅनव्हासवर रंगवायची. त्यानंतर तिने अर्धी फोडलेली मातीची मडकी मांडली, घुमटाच्या आकाराची. विवान सुंदरमने १९९३ मध्ये दंगलीत रस्त्यावर पडलेल्या एका माणसाच्या वर्तमानपत्री छायाचित्राभोवती अख्खं स्मारक रचलं. या लोकांनी लिओतार वाचलाही असेल. पण त्यांचा कॅनव्हास त्या डिसेंबरात फाटला. राष्ट्र नावाची मोठी गोष्ट डोळ्यांसमोर उसवत होती आणि चौकटीतलं नीटस चित्र तिला पुरेना.

तांबडी माती | १५ जानेवारी, सायंकाळी ५:३०

+१. अवांतर, पण गोव्याचा धागा आहे म्हणून: साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा. मुंबईतल्या चित्रकारांच्या १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाचे संस्थापक, अस्सल आधुनिक, अहंकारी म्हणावे इतके कर्ते. पण त्यांची रासायनिक चित्रं बघा. गुळगुळीत मासिकांची छापील पानं घ्यायचे, रसायनाने छपाईची शाई विरघळवायचे आणि त्या ओल्या शाईतूनच आकृती ओढायचे. खालून जाहिरातीतली बाई डोकावतेय, वरून सोझांचा राक्षस. दुसऱ्याने छापलेलं पुसून आपलं काढायचं, आणि पुसलेलं दिसू द्यायचं. आधुनिक कुठे संपलं ते या पानांवर मला तरी दाखवता येत नाही.

सदाशिव_पेठ | १५ जानेवारी, रात्री १०:१०

तीन दिवस वाचतोय. मडक्यांचं छायाचित्र शोधून पाहिलं, आणि ते पाहून हसू आलं नाही, एवढं कबूल करतो.

माझी तक्रार आता नीट मांडतो. अविश्वास ठीक. पण हा अविश्वासच दुकानात ठेवलाय. चौकट मोडणारे, बाजाराची टिंगल करणारे सगळे त्याच बाजारात सगळ्यात महाग विकले जातात. शेरी लेव्हीनबाईंनी १९८१ मध्ये वॉकर इव्हान्सच्या जुन्या छायाचित्रांची पुस्तकातून छायाचित्रं काढून आपल्या नावाने लावली, मौलिकता हे थोतांड आहे हे सांगायला. बरं. मग मूळ छायाचित्रांतला तो अलाबामाचा कुळवाडी शेतकरी? इव्हान्सला नाव, लेव्हीनबाईंना नाव, ज्याचा चेहरा तो दोन्ही वेळा भिंतीवरच. ताईंच्या आईंसारखा. कर्ता मेला म्हणतात तेव्हा मरतो तो नेहमी खालचाच, वरचा ठणठणीत असतो.

ओली बोरकण | १५ जानेवारी, रात्री १०:३५

पेठकर, हे तुम्ही उत्तर-आधुनिक बोललात. अभिनंदन.

सदाशिव_पेठ | १५ जानेवारी, रात्री १०:३७

शिव्या देऊ नका.

धारगळचो | १६ जानेवारी, दुपारी १२:४०

नमस्कार, नवीन सदस्य आहे, फक्त वाचत होतो. ‘थंड सोडा व लिमलेट मिळेल’ हा बोर्ड निळा, डाव्या कोपऱ्यात बाटली काढलेली, बाटलीचं तोंड वाकडं, असा आहे का? तर तो आमच्याकडच्या तिठ्यावरचा असणार. रस्ता रुंद झाला तेव्हा दुकान गेलं. पत्रे भंगारवाल्याने नेले.

जंगलाचा पडदा | १६ जानेवारी, दुपारी १:०५

हो!! बाटली आहे. तोंड वाकडंच आहे. बाबा म्हणतात मग तो मये गावच्या मास्तरांचाच. ळ वरून त्यांना तेव्हाच वाटलं होतं, खात्री नव्हती म्हणून बोलले नाहीत. बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. पंधरा वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मुलगा कुठे असतो ते शोधतोय.

जंगलाचा पडदा | २१ जानेवारी, रात्री ९:५०

धागा वर काढते, शेवटचं सांगायला.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना फोन केला होता. सभ्यपणे बोलले. कलाकाराला विचारतो म्हणाले, आणि दोन दिवसांनी होकार आला: बोर्ड मुळात कुणी रंगवला ते नाव कळवा, खाली एक ओळ वाढवू. त्यांच्या अटीत बसतं म्हणे. बाबांना सांगितलं तर त्यांना विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. फक्त म्हणाले, मास्तरांची बायकोही भरायला बसायची, तिचंही घालायला सांग. तिचं नाव मात्र बाबांना येईना. सगळे तिला मास्तरीण म्हणत.

म्हणून काल मुलाकडे गेलो. डिचोलीत त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मोबाईलवर बोर्डाचा फोटो दाखवला. त्याने दोन बोटांनी मोठा केला, ळ बघितला आणि हसला. “हो बाबाचो.” आईचं नाव एका पावतीच्या मागे लिहून दिलं. मग विचारलं, कितीला लावलाय? मी आकडा सांगितला. तो गप्प राहिला, मशीनकडे गेला, एक रोल सरळ केला, परत आला.

म्हणाला, ती नावाची पट्टी त्यांना छापून हवी असेल तर आपण देऊ. साइज तेवढी विचारून ठेव.